आपण कोण म्हणून आलात?

कुणीही तक्रार घेऊन दारात उभं राहिलं, की बाई कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलायच्या, मांडीवर ठेवायच्या आणि विचारायच्या, "आपण कोण म्हणून आलात?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणालो, "मी इथला नवा शास्त्रज्ञ. वनस्पतिरोगशास्त्रात पीएच.डी. आंब्यावरची भुरी हा माझा खास विषय. मूळचा मिरजेचा."

"ते मला नका सांगू," बाई म्हणाल्या. "मी विचारून राहिले आहे, मशीनमध्ये आपण कोण म्हणून शिरलात? लॉगिन कोणतं?"

ते मला ठाऊक नव्हतं. कुणीतरी चिठ्ठीवर एक नाव आणि पासवर्ड लिहून दिला होता, तो मी टाकला होता. मशीननं मला आत घेतलं होतं, आणि आत गेल्यावर जिथे हात लावीन तिथून 'परमिशन डिनाइड' म्हणून हाकललं होतं. हे सगळं मी बऱ्याच रागानं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अच्छा. म्हणजे आपण कोण आहात हे आपल्यालाच माहीत नाही. मग मशीनला कुठून माहीत असेल?"

तुम्ही हसाल. मीही आता हसतो. त्या दिवशी मात्र घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, की ऑफिसातली एक बाई फार उद्धट आहे. काय म्हणाली, असं तिनं विचारलं, तेही सांगितलं. बायको भाजी चिरता चिरता म्हणाली, "बरोबरच विचारलं की."

लखनौच्या पूर्वेला, चिनहटच्या कारखान्यांच्या पलीकडे, बागवाल्यांच्या एका संघानं चालवलेलं आमचं लहानसं संशोधन केंद्र होतं. मलिहाबादचे आणि आसपासचे आंबेवाले आमची वेबसाइट बघत. मोहोराच्या दिवसांत काय फवारायचं, कधी फवारायचं आणि कधी अजिबात हात लावायचा नाही, हे आम्ही तिथे टाकत असू. ही वेबसाइट माझ्या गळ्यात पडली ती एका सुटलेल्या वायरमुळे. भर सभेत डायरेक्टर साहेबांचा प्रोजेक्टर बंद पडला, सगळे एकमेकांकडे बघत बसले, आणि मी उठून सुटलेली वायर खोचली. पडद्यावर चित्र आलं. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून "ये कंप्यूटर जानते हैं" अशी माझी ख्याती झाली आणि ती खोटी आहे हे सांगण्याइतका विनय माझ्याकडे नव्हता.

बाई आमच्या सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर. गणितात एम.एस्सी. केंद्र सुरू झालं तेव्हापासून तिथे. पन्नाशी कधीच ओलांडलेली, नाकावर खाली सरकलेला चष्मा, आणि लखनौच्या मे महिन्यातही अंगात लोकरी जाकीट, कारण सर्व्हरच्या खोलीत मशीनसाठी सतत एअर कंडिशनर चालू असे. उन्हाळ्यात केंद्रातल्या निम्म्या लोकांना दुपारी अचानक सर्व्हरविषयी कुतूहल वाटू लागे. बाई त्यांना ओळखून असायच्या. "गार व्हायला आलात ना? तसं सांगून बसा. मशीनची तब्येत कशाला विचारता?"

त्यांचे वडील अकोल्याकडून नोकरीसाठी लखनौला आले आणि इथलेच होऊन गेले. बाईंचा जन्म इथला, कॉलेज इथलं, नवराही इथलाच. मराठी त्यांना आईकडून मिळाली होती, आणि आई गेल्यावर ती वापरायला घरात माणूस उरलं नव्हतं. मुलीला मराठी समजायची, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. त्यामुळे मी आलो याचा त्यांना आनंद झाला असणार, पण त्यांनी तो मला बराच काळ कळू दिला नाही.

त्यांची मराठी म्हणजे वऱ्हाडी बियाणं लखनौच्या मातीत लावलेलं. 'करून राहिले' अकोल्याचं, 'आपण' लखनौचं. शिपायाला आपण, डायरेक्टरला आपण, आणि खिडकीबाहेर एअर कंडिशनरच्या डब्यावर येऊन बसणाऱ्या मांजरालाही आपण. "आपण उतरून घ्या, खाली पंखा फिरून राहिला आहे," असं त्यांना त्या मांजराला समजावताना मी या कानांनी ऐकलं आहे. कुणाला मूर्ख म्हणायची वेळ आली, तर त्या "आपण मूर्ख आहात" असंच म्हणाल्या असत्या. मला म्हणाल्या नाहीत. वेळ मात्र पुष्कळदा आली.

एररचा मजकूर त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचायच्या, एखादी लग्नपत्रिका वाचावी तशा. मी फक्त 'एरर' एवढाच शब्द वाचून हातपाय गाळणारा माणूस. "पुढेही वाचा ना," त्या म्हणायच्या. "बिचारी मशीन एवढं सांगून राहिली आहे. कोणती फाइल, कोणती जागा, सगळं सांगते. लोक अर्धं ऐकतात आणि माझ्याकडे पळत येतात."

माझ्यासाठी त्यांनी सगळा कारभार पंगतीच्या भाषेत आणला होता. प्रत्येक फाइलला एक मालक असतो. मालकाचा एक गट असतो. उरलेली सगळी दुनिया तिसरी. या तिघांना वाचायची, लिहायची, चालवायची मुभा वेगवेगळी द्यायची. आणि वेबसर्व्हर नावाचा जो प्रोग्रॅम लोकांना पानं दाखवतो, तो वाढपी. "वाढप्याला काय लागतं? पातेलं उघडून वाढता आलं पाहिजे. आमटीत मीठ घालायचा अधिकार त्याला कशाला? आणि आपण काय केलंत? पातेलं स्वतःच्या नावावर करून त्यावर झाकण ठेवलंत. तो बिचारा पळी घेऊन उभा आहे."

हे मला तेव्हा पूर्ण समजलं होतं. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पातेल्यावर झाकण ठेवलं.

अधिकार देण्याच्या बाबतीत बाई कुणाचं ऐकत नसत. एकदा डायरेक्टर साहेब स्वतः खोलीत आले. त्यांना सगळ्या सर्व्हरचा सर्वाधिकार हवा होता. कशासाठी हवा ते त्यांना सांगता येईना. आपल्या हाताखालच्या बाईकडे तो आहे आणि आपल्याकडे नाही, एवढंच त्यांना टोचत होतं. ते म्हणाले, "मैडम, आख़िर मैं डायरेक्टर हूँ।" बाई उभ्या राहिल्या, अदबीनं म्हणाल्या, "बेशक, सर। आप डायरेक्टर हैं। डायरेक्टरी के मालिक नहीं हैं।" मशीनच्या भाषेत फोल्डरला डायरेक्टरी म्हणतात. साहेब मोठ्यानं हसले आणि निघून गेले. नंतर महिनाभर ते हा विनोद स्वतःचा म्हणून सांगत होते.

मी मात्र अधिकार मिळवला. पराक्रमानं नव्हे, रडून. दर आठवड्याला कुठलातरी फोटो चढत नसे, कुठलंतरी पान दिसत नसे, आणि मी त्यांच्या दारात उभा. शेवटी त्यांची मुलगी पुण्याला बाळंत व्हायची होती म्हणून त्या रजेवर निघाल्या, तेव्हा नाइलाजानं त्यांनी माझ्या लॉगिनला सर्वाधिकार दिले. "गरज पडली तरच वापरा," त्या म्हणाल्या. "आणि गरज आहे की नाही, ते मला फोन करून विचारा."

बाई पुण्याला पोचल्या असतील नसतील, आणि 'परमिशन डिनाइड' हजर झालं. बाळंतपणाच्या घरात कशाला फोन करायचा, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला दाखवून द्यायचं होतं. इंटरनेटवर शोधलं. कुण्या परोपकारी माणसानं एका ओळीत उपाय लिहिला होता, खाली पंधरावीस जणांनी त्याचे आभार मानले होते. वाचायचे चार, लिहायचे दोन, चालवायचा एक, मिळून सात. मालकाला सात, गटाला सात, दुनियेला सात. सातशे सत्याहत्तर. म्हणजे सगळ्यांना सगळं करायची मुभा, वरपासून खालपर्यंत, एकूण एक फाइलला. मी ती ओळ उचलली, चिकटवली, एंटर दाबलं.

आणि काय सांगू, सगळं चालू झालं! फोटो चढले. पानं दिसली. जे वर्षभर अडलं होतं ते सगळं एका फटक्यात सुटलं. मी खुर्चीत मागे रेलून बसलो आणि मला वाटलं, बाई उगाचच गोष्टी अवघड करून ठेवतात. बायकांना सवयच असते, असाही एक विचार मनात आला. बायकोला मात्र तो सांगितला नाही.

बाई रजेवरून परतल्या. नात झाली होती. पुण्याहून आणलेली बाकरवडी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. ती खात खात मी म्हणालो, "तुम्ही नसताना एकदाही अडचण आली नाही. एरर कायमचे बंद केले मी."

बाईंनी कीबोर्डवरून हात उचलले. "कायमचे?"

"कायमचे."

त्यांनी काहीतरी टाइप केलं. पडद्यावर फाइलींची यादी सरकू लागली, सरकतच राहिली. त्या चष्मा वर करून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घराला कुलूप लावून गेलेला माणूस परत यावा आणि सगळी दारंखिडक्या सताड उघड्या दिसाव्यात, तसं काहीतरी होतं.

"आपण हे..." त्या म्हणाल्या, आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

मलिहाबादचे एक वयस्क बागवाले होते. फार सज्जन माणूस, माझा सल्ला वाचल्याशिवाय फवारणीला हात न लावणारे. मोहोरावरच्या तुडतुड्यांना ते भुनगे म्हणायचे. म्हणाले, "डॉक्टर साहब, हम तो भुनगे की दवा देखने गए थे। यहाँ मर्दाना कमज़ोरी का इलाज लिखा है। ये किस पर छिड़कना है?"

मी वेबसाइट उघडली. मोहोराच्या फोटोच्या जागी एक उघडा बलदंड माणूस हसत उभा होता.

पुढचा सगळा गोंधळ मी इथे सांगत बसत नाही. एवढंच सांगतो, की फोटो लावायच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये एक भोक होतं. बाईंना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी त्या प्रोग्रॅमला एका कोपऱ्यातल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. चोर त्या भोकातून आला असता तरी त्या एकाच खोलीत अडकला असता. मी सगळ्या खोल्यांची दारं काढून ठेवली होती. चोरानं पाहुणचार घेतला.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. तो आठवडा ऐन मोहोराचा. आभाळ धरून आलेलं, हवा दमट, भुरीच्या बुरशीला हवी तशी. ज्यांचा मोहोर अजून मिटलेला आहे त्यांनी दोन-तीन दिवसांत गंधक फवारावं, आणि ज्यांची फुलं उमलली आहेत त्यांनी अजिबात फवारू नये, नाहीतर मधमाश्या मरतील आणि फळ धरणार नाही, असा माझा सल्ला आदल्या दिवशीच वेबसाइटवर चढला होता. तो आता त्या बलदंड माणसाच्या पाठीमागे गेला होता. लोक विचारत होते, फवारायचं की नाही? शेजाऱ्यानं फवारलंय, आम्हीही फवारू का? एका वर्षाचं पीक होतं ते त्यांचं.

बाईंनी आधी वेबसाइट बंद केली. मग त्यांनी ठेवलेल्या आदल्या रात्रीच्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फाइली परत जागेवर आल्या. मी बाजूला बसून प्रत्येक फोनला उत्तर देत होतो, आणि माझा घसा बसला होता. इतका बसला, की शेवटी तोंडातून नुसती हवा येऊ लागली.

तेव्हा बाई उठल्या. "फोन मला द्या. आपण इथे बसा."

"मी?"

"सल्ल्याचा फोल्डर आपला आहे. त्याची परवानगी आपणच लावायची. मालक, गट, दुनिया. आधी विचार करा, मग लिहा."

आणि अशा रीतीनं आम्ही दोघंही चुकीच्या खुर्चीत बसलो. माझा छापील सल्ला समोर धरून बाई आंबेवाल्यांशी बोलू लागल्या. "जी, आदाब। पहले ये फ़रमाइए, फूल खिल गए हैं या अभी कलियाँ हैं? ... खिल गए? तो फिर बिल्कुल ज़हमत न कीजिए। ... नहीं, पड़ोसी को छिड़कने दीजिए, आप सब्र कीजिए।" माझ्या रुक्ष शास्त्रीय सल्ल्याचं त्यांच्या तोंडी असं काही सोनं होत होतं, की मला स्वतःच्याच बागेत फवारणी थांबवावीशी वाटली. मला बाग नव्हती.

इकडे मी घाम पुसत बसलो होतो, त्या थंड खोलीत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; सगळं सताड उघडं टाकणारा मी आता सगळं घट्ट बंद करत सुटलो. दुनियेला वाचायची तेवढी मुभा, लिहायची कुणालाच नाही, वरच्या फोल्डरला तर कडीच. मोठ्या समाधानानं मी वेबसाइट उघडून पाहिली. 'फॉरबिडन.' मज्जाव.

फाइल तपासली. बरोबर होती. दुनियेला वाचायची मुभा होती. पुन्हा तपासली. पुन्हा बरोबर. दारात डायरेक्टर साहेब येऊन उभे. फोन चालूच. मी बाईंकडे केविलवाणं बघितलं. फोनवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "काय म्हणून राहिली आहे मशीन?"

"मज्जाव म्हणते. पण फाइल बरोबर आहे!"

"फाइल बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "गल्लीतल्या कुणाच्या घरी जायचं आहे, आणि घराचं दार उघडं आहे. पण गल्लीच्या तोंडाशी शिपाई उभा आहे. मग?" आणि पुन्हा फोनवर, "जी, माफ़ कीजिएगा, फ़रमाइए।"

साहेब म्हणाले, "मैडम, आप ही क्यों नहीं कर देतीं?" बाईंनी नुसती मान हलवली. कीबोर्डला हात लावला नाही.

मला कळायला लाजिरवाणा वेळ लागला. फाइलला मुभा होती, पण ती ज्या फोल्डरात होती, त्या फोल्डराच्या वरच्या फोल्डरात शिरायचीच मुभा मी सगळ्यांची काढून घेतली होती. तिथे काही वाचायचं नव्हतं, लिहायचं नव्हतं, फक्त ओलांडून पुढे जायचं होतं. मी तेवढी एक मुभा दिली. पान उघडलं. माझा सल्ला, माझा मोहोराचा फोटो, सगळं होतं तसं समोर. मी खुर्चीवरून उठून ओरडलो, पण घसा बसलेला असल्यामुळे ते कुणालाच ऐकू आलं नाही. बाईंनी मात्र बघितलं. फोनवर बोलता बोलताच त्यांनी उरलेली बाकरवडी माझ्याकडे सरकवली.

त्या वर्षी फळ बरं धरलं. मलिहाबादचे ते बागवाले नंतर आंब्यांची पेटी घेऊन केंद्रात आले. मी पुढे झालो. ते म्हणाले, "वो मैडम कहाँ बैठती हैं, जो फ़ोन पर थीं?"

पण त्याआधी चौकशीची सभा झाली. साहेबांनी विचारलं, "ये किसका काम..." आणि प्रश्न संपायच्या आत मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, टेबलावरचा चहा लवंडला, तो नेमका साहेबांच्या कागदांवर. साहेब म्हणाले, तुम्ही बसा, वैज्ञानिक माणूस आहात, तुम्हाला काय कळणार. जबाबदारी सिस्टमवाल्यांची असते. नोटीस त्यांनाच जाईल.

मी पुन्हा उभा राहिलो. या वेळी खुर्ची धरून. काय बोललो ते मला आठवत नाही. घसा अजून सुधारला नव्हता, त्यामुळे कुणालाच ते आठवत नसावं.

बाई बसूनच म्हणाल्या, "सर, दरवाज़े इन्होंने खोले, ये सही है। चाबी मैंने दी थी, ये भी सही है। दोनों बातें लिखिए।"

त्यांच्या आवाजात कुणाला वाचवण्याचा भाव नव्हता, की स्वतःवर ओढवून घेण्याचा मोठेपणा नव्हता. जसं घडलं तसं कागदावर यावं, एवढीच त्यांची मागणी होती. दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या. खोलीत परत आल्यावर त्यांनी माझे सर्वाधिकार काढून घेतले. माझ्यादेखत. "आता आपण फक्त आपण आहात," त्या म्हणाल्या. खरं सांगतो, मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

त्या लिहिण्याचा परिणाम मला उशिरा कळला. निवृत्तीनंतर बाईंना आणखी काही काळ ठेवून घ्यायचं घाटत होतं. सभेनंतर ती गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. सर्व्हरही एका बाहेरच्या कंपनीकडे द्यायचं ठरलं. मी चाचरत बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अरे, मला तर नातीकडे जायचंच होतं. हे बरंच झालं." मग चष्मा पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छ होता.

शेवटच्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. कंपनीकडे सगळं सोपवून झालं होतं. फक्त त्यांचं स्वतःचं लॉगिन मशीनवर शिल्लक होतं.

"ते आपण बंद करा," त्या म्हणाल्या. "एवढ्या एका कामाची मुभा मी आपल्याला दिली आहे. दुसरं काही करता येणार नाही, घाबरू नका."

"राहू दे ना," मी म्हणालो. "कुणाला काय त्रास आहे?"

"निघून गेलेल्या माणसाची किल्ली घरात ठेवत नाहीत."

मी ओळ लिहिली. तीत एकही चूक नव्हती, हे मी अभिमानानं नमूद करतो. एंटर दाबलं. काहीच झालं नाही. अशी कामं नीट झाली की मशीन काहीच बोलत नाही. मग बाई माझ्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी स्वतःचं नाव टाकलं, स्वतःचा पासवर्ड टाकला.

'परमिशन डिनाइड.'

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. "शाबास," त्या मशीनला म्हणाल्या, आणि पर्स घेऊन उठल्या.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. ऊन चांगलंच होतं. फाटकाशी ऑटो उभी होती, आणि बाई अचानक थांबून म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. आमच्या सरोजिनी नगरच्या घरी अंगणात एक आंबा आहे. माझ्या आईनं लावलेला. त्याची पानं काळी पडून राहिली आहेत. काजळ फासल्यासारखी. नवरा म्हणतो कापून टाकू. मी जाण्याआधी काही होऊ शकेल का?"

इतक्या वर्षांत बाईंनी मला माझ्या विषयातलं कधी काही विचारलं नव्हतं. मी सुरू झालो. काळं दिसतं तो रोग नाही बाई, ती काजळी. पानावर बारीक किडे बसतात, त्यांच्या अंगातून गोड चिकटा गळतो, त्यावर ती वाढते. आधी किडे घालवायचे. मग मैद्याची पातळ खळ फवारायची, ती उन्हात वाळली की पापुद्रे सुटतात आणि काळं त्यांच्याबरोबर गळून पडतं. झाड कापायचं अजिबात नाही. मी किड्यांच्या जातींवर गेलो, फांद्यांच्या विरळणीवर गेलो, मोहोरावर गेलो. बाई पदर डोक्यावर घेऊन भर उन्हात ऐकत होत्या. मधे एकदा ऑटोवाला "बहनजी" म्हणाला, दुसऱ्यांदा काही न म्हणता निघून गेला. आम्हाला दुसरी ऑटो मिळेपर्यंत मी भुरीपर्यंत पोचलो होतो.

"खळ किती पातळ?" ऑटोत बसताना त्यांनी विचारलं.

"पिठल्यापेक्षा पुष्कळ पातळ. ताकासारखी."

"हाँ," त्या म्हणाल्या. "आता समजलं."

त्या पुण्याला गेल्या. अधूनमधून फोन येतो. तिथली भाजीवाली त्यांची मराठी ऐकून त्यांच्याशी हिंदीत बोलते, म्हणून त्या वैतागलेल्या असतात. नात मात्र सगळ्यांना आपण म्हणते म्हणे, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही. झाडाचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. माझा उपाय लागू पडला नसेल, तर ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

मागे एकदा विमानतळाकडे जाताना मी टॅक्सी सरोजिनी नगरात वळवायला लावली. घरात आता भाडेकरू आहेत. दार बंद होतं. एक फांदी भिंतीवरून बाहेर रस्त्यावर आली होती. टॅक्सीवाला घड्याळ दाखवत होता. मी टाचा उंचावून एक पान धरलं, उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. पान स्वच्छ होतं. तरी मी ते रुमालानं एकदा पुसलं.